पीससोड

ओरूंच्या जगात मुलगे हसताना तोंडावर हात धरतात. हा नियम मी केला, आणि त्यावरून माझा सख्खा भाऊ माझ्याशी अख्खी दुपार भांडला.

"ताई, हे लई होतंय. हसायला कसली बंदी?"

"मोठ्यानं हसणाऱ्या पोराला स्थळ येत न्हाई."

"आगं पन का?"

"घराचा मान जातो."

"मान काय दातात आसतो का?"

मी म्हटलं, हाच प्रश्न मी दहावीत असताना आईला विचारला होता आणि उत्तर म्हणून पाठीत धपाटा मिळाला होता. तू सुखी आहेस, तुला नुसता नियम मिळाला. यावर श्रीनाथ मोठ्यानं हसला, मग आठवण होऊन त्यानं तोंडावर हात धरला. तो खेळात असा पटकन शिरायचा.

खेळ कसा असतो ते सांगते, कारण आमच्या आईला तो अजून जुगार वाटतो. एकजण एक जग रचतो आणि सांगतो. बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं ठरवतात आणि त्या माणसाच्या तोंडून बोलतात. पुढं काय होईल यावर अडलं तर फासा टाकायचा, वीस बाजूंचा. तो फासा श्रीनाथनं पुण्याच्या हॉस्टेलवरून आणला होता. माझं लग्न होऊन मी भूम तालुक्यात ईटला गेले आणि तो शिक्षण संपवून जळकोटला घरी शेती बघायला आला, तरी रविवारी दुपारी फोनवर आमचा डाव चालायचा. आई त्याला ‘तुमचं ते फाशांचं’ म्हणायची, नाक मुरडून.

गेल्या दिवाळीनंतर श्रीनाथचा साखरपुडा झाला. मुलगी बेंबळीची, हर्षाली. साखरपुडा झालेल्या पोरापोरीनं फोनवर बोललं तर आमच्याकडं चार लोक नावं ठेवतात, पण मध्ये नणंद असली की तोच फोन सोवळा होतो. दोघांना बोलायला मिळावं म्हणून मी तिला खेळात घेतलं, आणि ती आम्हा दोघांपेक्षा बरी खेळायला लागली.

तर ओरू. ओरू बायका थोराड असतात, हळू चालतात, खूप जगतात. वयात आल्या की त्यांच्या टाचांना मुळं फुटतात, आणि ज्या जमिनीत ती मुळं धरतील ती जमीन त्यांची. ओरू पुरुषांच्या पाठीवर पिसं असतात. आभाळात उडण्याइतकी नाहीत, कोंबड्यासारखी, कुंपणापलीकडं पडण्यापुरती. म्हणून त्यांच्यात म्हण आहे, मुलगा म्हणजे वाऱ्याचं धन. मुळं फुटायला आली, म्हणजे बहिणीच्या टाचा ओल्या झाल्या, की सभा बसते. भावानं सभेसमोर आपल्या पाठीच्या मधोमध असलेलं सगळ्यात लांब पीस आपल्याच हातानं उपटायचं आणि बहिणीच्या ओच्यात टाकायचं. याला पीससोड म्हणतात. त्यानंतर ती जमीन त्याला ओळखत नाही. बदल्यात बहीण वर्षातून एकदा त्याला एक टोपी देते आणि एक दिवस जेवू घालते. जो पीस देत नाही त्याला कुठल्याही दारात पाणी मिळत नाही, आणि त्याच्या घरातल्या मुलांना कुणी पदरात घेत नाही. सभेची प्रमुख असते थोरली. घराघराचा मान तिच्या ताब्यात.

खेळणाऱ्या ओळखीच्या एक-दोघांना मी हे पाठवलं तर ते म्हणाले, काय कल्पनाशक्ती आहे! कसली डोंबलाची कल्पना. घरातलंच लुगडं उलटं नेसवलं होतं.

आता घरातलं सांगते. आमचे अण्णा, म्हणजे बलभीम, वारले आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली. आई कस्तुराबाई, श्रीनाथ आणि मी, ज्ञानेश्वरी. आई श्रीनाथजवळच राहणार, तिचं कुणी विचारत नव्हतं. हर्षालीचे वडील धनाजीराव साखरपुड्याच्या आधीच बोलले होते, "पाव्हणं, पोरगं लाखात एक हाय, पन वावर एकहाती पायजे. बहिणीची सही झाली की तारीख धरू." यात त्यांचं काही वेगळं नव्हतं. आमच्याकडं सोयरीक बघताना पोराचं शिक्षण विचारतात, व्यसन विचारतात आणि बहिणींनी हक्कसोड केलंय का ते विचारतात.

मी सही करायला तयार होते. कुणी मला फसवत नव्हतं, दमदाटी करत नव्हतं. मी सह्या करणाऱ्या बायकांमध्ये वाढले. आईनं अणदूरला आपल्या भावाला सही दिली, आत्यानं अण्णांना दिली. गावात सिताबाईनं तेवढी दिली नव्हती, तर तिची आई गेली तेव्हा मातीला ये म्हणून तिला कुणी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं. मला वावर नको होतं, माहेर हवं होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, तुझं तू बघ, मी मध्ये पडत नाही. म्हणून शनिवारी मी जळकोटला आले. सोमवारी सकाळी तुळजापूरच्या रजिस्ट्री ऑफिसात जायचं ठरलं होतं, श्रीनाथनं गाडी सांगून ठेवली होती. मधला रविवार रिकामा होता, मग डाव लावला.

दुपारी लाइट गेली होती. श्रीनाथ आणि मी पुढच्या खोलीत सतरंजीवर, फोन शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, त्यातून हर्षालीचा आवाज. आई दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. श्रीनाथ केहर नावाचा ओरू पोरगा झाला होता, हर्षाली थोरली. माझा बेत साधा होता. केहर पीस देईल, घर सोडेल, आणि मग पुढं त्याच्या भटकंतीची मोठी गोष्ट सुरू होईल. पीससोड हा नुसता उंबरठा होता, ओलांडून पुढं जायचा.

"केहर, पुढं ये." हर्षालीचा आवाज एरवी चिमणीसारखा, पण थोरली झाली की तो घागरीतून आल्यासारखा यायचा. "तुझ्या बहिणीच्या टाचा ओल्या झाल्यात. पीस आण."

"आन् न्हाई दिलं तर?" श्रीनाथ म्हणाला.

"न्हाई कसं? तुला काय कमी हाय बाळा? जिथं जाशील तिथं तुझंच घर. बहिणीचं दार उघडं ऱ्हावं वाटतंय ना? मग इज्जतीनं दे. सभेला मागायला लावू नगंस."

मी वहीत डोकं घालून बसले होते, ते वर केलं. ही वाक्यं मी लिहून दिली नव्हती. हर्षालीनं ती जिथून आणली तिथूनच ती माझ्याही कानावर पडली होती, चुलत्याच्या तोंडून, मामाच्या तोंडून, आईच्या तोंडून. तिला फक्त ‘बाई’च्या जागी ‘बाळा’ आणि भावाच्या जागी बहीण घालावी लागली होती.

श्रीनाथला फासा टाकायचा होता. त्यानं तो हातात घोळवला आणि बाजूला ठेवून दिला. मग तो उठून उभा राहिला.

"थोरलेबाई, मला एक सांगा. या रानाला पाणी कुणी दिलं? थंडीत सगळं गाव गोधडीत आसताना मोटार चालू कराया कोण जायचं? पाण्याच्या दांडात पायाजवळून साप गेला तवा खोरं धरून कोण उभं हुतं? बाप आजारी पडला तवा त्याच्या बदल्यात तुरीला कोण राबलं? आन् आता टाचा बघता व्हय? टाचा काय म्या माझ्या हातानं घडवल्या? या घरात मी पाव्हणा म्हणून जन्मलो न्हाई!"

त्याचा आवाज चिरकला होता. पाखडणं थांबलं होतं. मी मात्र एकाच शब्दावर अडकले होते. ओरूंच्या जगात मोटार नव्हती. तिथं विहिरी नाहीत, वीज नाही. मी चूक काढली नाही, कारण ती चूक नव्हती. मोटार चालू करायला मी जायचे. दांडात साप गेला तेव्हा खोरं माझ्या हातात होतं. अण्णांची कंबर धरली त्या वर्षी तुरीला मी राबले, तेव्हा श्रीनाथ हॉस्टेलला होता आणि सुट्टीत आला की मी त्याला हे सगळं तिखटमीठ लावून सांगायची. त्यानं ते सगळं लक्षात ठेवलं होतं. माझा भाऊ माझं दुःख माझ्यापेक्षा चांगलं बोलत होता.

खेळाचा एक नियम होता, शपथ घ्यायची तर हातात काहीतरी धरून घ्यायची. आजवर आम्ही मीठ धरायचो, किंवा पाण्याचा तांब्या. श्रीनाथनं इकडंतिकडं पाहिलं, आणि भिंतीतल्या देवळीतला भंडाऱ्याचा पुडा ओढून मूठ भरून वर धरली. मुद्दाम केलं असं नाही. जळकोटच्या माणसाला खरी शपथ घ्यावीशी वाटली की हात दुसरीकडं जातच नाही.

"हा भंडारा उचलून सांगतो. माझं पीस मी देनार न्हाई. आन् कुनाच्या बी पाठीवरचं पीस कुनी वढून घेतलेलं मी चालू देनार न्हाई. या घरात तर न्हाईच न्हाई."

मग थोरलीच्या आवाजात हर्षाली म्हणाली, "शपथ पोचली."

आई उठली. तिनं त्याची मूठ सोडवून भंडारा पुड्यात परत घातला, सांडलेला पदरानं टिपला आणि पुडा देवळीत ठेवला. तो अणदूरच्या खंडोबाचा भंडारा होता, तिनं स्वतः आणलेला. अणदूर तिचं माहेर. मामा वारल्यापासून ती तिथं जत्रेलाच जाते, देवाला हात जोडते, देवळाच्या नळावर पाणी पिते आणि त्याच पावली एसटीनं परत येते. भाचे वेशीजवळ राहतात, पण त्यांनी कधी ये म्हटलेलं नाही. तिनं सही दिली होती, हे मघाशी सांगितलंच.

डाव तिथंच थांबला. श्रीनाथ घामानं डबडबला होता आणि खुशीत होता. "कसा हुता केहर?" त्यानं विचारलं.

"चांगला हुता," मी म्हणाले.

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. संध्याकाळभर मी त्याच्या मागंपुढं करत राहिले. तो गोठ्यात गेला तर मी पेंडीची पाटी घेऊन गेले. जेवताना त्याच्या समोर बसले. आशा वाईट असते, ती माणसाला भिकारी करते. ताटावरून उठताना त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, उद्या आधार कार्ड आठवणीनं घे बरं का. मागल्या बारीला देशमुखांच्या बहिणीचं ऱ्हायलं तर अख्खा दिवस गेला."

सकाळी गाडी दारात आली. मी नवी साडी नेसले होते, आधार कार्ड पर्समध्ये होतं. आई आंघोळ करून ओट्यावर बसली होती, पण चुलीवर चहासुद्धा ठेवला नव्हता.

"गाडी परत लावून दे," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"तू काल भंडारा उचललाईस."

श्रीनाथला आधी कळेनाच. कळलं तेव्हा तो हसला. "आगं आई, ते खेळात! केहर म्हून कुनी पोरगाच न्हाई. त्याला पिसं हायेत पाठीवर!"

"पिसं आसूदेत न्हाईतर शिंगं. हात तुजा हुता का त्याचा?"

"माझा, पन..."

"तोंड तुजं हुतं का त्याचं?"

"आई, बोलत केहर हुता."

"आन् भंडारा? त्यो बी खेळातला हुता का? माज्या माहेरच्या देवाचा हुता. मल्हारी लई कडक हाय. या घरात कुनाचं वढून घेऊ देनार न्हाई म्हनलास, म्या माज्या कानानं ऐकलंय. आता बहिणीची सही घेतलीस तर तुज्यावर येईल. लगीन तोंडावर हाय तुजं."

मी उंबऱ्यात उभी होते. आईला माझी कणव आली होती असं मला क्षणभर वाटलं, आणि लगेच कळलं की तसं नव्हतं. ती घाबरली होती, मुलासाठी. पण देवाच्या धाकानं का होईना, गाडी थांबली होती.

श्रीनाथचा चेहरा उतरला. पुण्यात शिकला असला, तरी तो याच घरात वाढला होता. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. ड्रायव्हर गाडी बंद करून तंबाखू मळायला लागला.

"मग आता?" श्रीनाथनं विचारलं.

"सोडवून घ्याची. शपथ दिली कुनाला हुतीस?"

इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. शपथ ज्याला दिली त्यानं ‘सुटली’ म्हटलं की ती सुटते, देवसुद्धा मग काही विचारत नाही. लहानपणी श्रीनाथ उठसूट गळ्याची शपथ घ्यायचा, आणि मग घाबरून माझ्या मागं पळायचा, ताई सुटली म्हण, सुटली म्हण. मी थोडा वेळ पळवायची आणि म्हणायची. कधीच अडवून धरलं नाही.

आता तो माझ्याकडंच बघत होता. पण शपथ मला दिली नव्हती.

"थोरलीला दिली," मी म्हणाले.

"थोरली कोन?" आई म्हणाली.

"हर्षाली."

"कंची? आपली?" आईनं कपाळावर हात मारला. "नवरीला! लाव फोन. आत्ता लाव."

फोन धनाजीरावांनी उचलला. श्रीनाथनं स्पीकर लावला आणि फोन आईपुढं धरला.

"झाली का सही?" धनाजीराव खुशीत होते. "इतक्यातच?"

"निगालोच हाय पाव्हणं," आई म्हणाली. "जरा पोरीशी बोलायचं हुतं. एक लहान काम हाय."

तिनं काम सांगितलं. कसं सांगितलं ते आजही आठवलं की मला हसू येतं आणि नंतर हसू येत नाही. पोरांचा फाशांचा खेळ, त्यात तुमची हर्षाली म्हातारी झाली होती, आमच्या श्रीनाथला पिसं होती, आणि भंडारा मात्र खरा होता. धनाजीराव एकदाही हसले नाहीत. भंडारा म्हटल्यावर ते कान देऊन ऐकायला लागले.

"बरं झालं आधी सांगितलं," ते म्हणाले. "देवाचं काम मोकळं करूनच जावा. पन सही आज झाली पायजे बगा. न्हाईतर दोन्हीकडची मंडळी आपापल्या घरी, मनात काय ठेवायचं न्हाई." मग त्यांनी हाक मारली, "हर्षे, हिकडं ये."

हर्षाली आली. तिचा आवाज चिमणीचा होता. "हां आत्या."

"पोरी, एवडं सुटली म्हन."

हर्षालीनं विचारलं, "ताई तिथं हायेत का?"

"हाय," मी म्हणाले.

"ताई, म्हनू का मी?"

माझ्या हातात होतं. मी नको म्हटलं असतं तर तिनं म्हटलं नसतं, हे मला त्या आवाजातून कळलं. वडील शेजारी उभे असतानाही म्हटलं नसतं. गाडी परत गेली असती, माझं नाव सातबाऱ्यावर राहिलं असतं, आणि दोष देवाच्या नावावर गेला असता, माझ्या नाही. माहेरही राहिलं असतं आणि वाटाही. पण मला मल्हारीच्या धाकानं सुटलेला वाटा नको होता. मला माझा भाऊ हवा होता, काल दुपारी सतरंजीवर उभा राहून बोलणारा. शपथ असेपर्यंत तो खरंच तसा आहे की नाही, हे मला कधीच कळलं नसतं.

"म्हण," मी म्हणाले. "मोकळा कर त्याला."

"सुटली," हर्षाली म्हणाली, इतकं हळू की आईला परत म्हणायला लावावं लागलं. "सुटली, आत्या."

श्रीनाथनं श्वास सोडला. लहानपणी सोडायचा तसाच, खांदे खाली टाकून. चेहऱ्यावर हसू आलं, अगदी निर्मळ. त्यानं फोन ओट्यावर ठेवला आणि हात चोळत म्हणाला, "चला! उशीर झाला. ताई, बस गाडीत."

इतकंच. त्याच्यात वाईट काही नव्हतं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, लबाडीसुद्धा नाही. त्याची सुटका झाली होती आणि त्याला आनंद झाला होता. मी मनात म्हणत होते, एकदा माझ्याकडं बघ. काल एवढं बोललास, त्यातलं अर्धं बोल. ‘ताई, तुला काय वाटतं’ एवढं विचार, मी हसत सही करीन. खरंच केली असती.

"बस की," तो म्हणाला.

मी ओट्यावर बसले.

"मी येत न्हाई, श्रीनाथ."

"म्हंजी?"

"सही करत न्हाई."

आईनं तोंडावर पदर धरला. श्रीनाथ हसला, मग त्याचं हसू हळूहळू गेलं. "सासरच्यांनी भरवलं व्हय तुला? दाजींनी?"

"तुझ्या दाजींना ठाऊक बी न्हाई. काल तूच भरवलंस."

"म्या? काल तर खेळ हुता!"

"थंडीत मोटार चालू कराया कोण जायचं?"

"ते केहर..."

"ओरूंच्या जगात मोटार न्हाई, श्रीनाथ."

त्याला कळलं. हे मी पैजेवर सांगते, त्या क्षणी त्याला सगळं कळलं. डोळे आधी माझ्याकडं आले, मग आपल्या पिवळ्या नखांकडं, मग दारातल्या गाडीकडं. आणि गाडीकडं गेलेले डोळे परत आले नाहीत.

"माझं लगीन मोडंल," तो म्हणाला.

"मोडंल."

"तुला काय वाटत न्हाई?"

वाटत होतं. हर्षालीसारखी मुलगी मी स्वतः शोधून आणली नसती. ती या घरात आली असती तर रविवारची दुपार कशी गेली असती, हे मी किती वेळा मनात रंगवलं होतं. तेवढ्यात माझी नजर ओट्यावर गेली. फोन बंद झालाच नव्हता. त्यातून कुणाचा आवाज येत नव्हता, पण कुणीतरी ऐकत होतं. मी बघतच होते, तेव्हा तिकडून तो ठेवला गेला.

"हर्षाली ऐकत हुती," मी म्हणाले. "उद्या तिच्या भावाचं लगीन ठरलं की तिला बी सहीला नेतील. तवा तू तिच्या बाजूनं काय बोलशील, त्याचा इचार कर."

श्रीनाथ गाडीकडं गेला. ड्रायव्हरशी काहीतरी बोलला, पुढच्या सीटवर बसला आणि दार आपटलं. गाडी हायवेला लागून तुळजापूरच्या उलट्या दिशेला गेली. कुठं गेला, आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"माती केलीस घराची," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच मला जास्त लागलं. "म्या न्हाई का दिली सही? मेले का मी?"

मी म्हणू शकले असते, आई, तू अणदूरला गेलीस की पाणी कुठं पितेस? शब्द जिभेवर आले होते. पण ते तिलाही माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. काही गोष्टी मुलीनं आईला बोलून दाखवू नयेत. मी गिळून टाकले.

मी आत जाऊन पिशवी भरली. भरायला काही नव्हतंच, दोन साड्या आणि खेळाची वही. फासा सतरंजीखाली सापडला. तो श्रीनाथचा होता, म्हणून देवळीत भंडाऱ्याच्या पुड्याशेजारी ठेवला. थोडा वेळ उगाच त्या खोलीत उभी राहिले. खिडकीतून वावराचा कोपरा दिसतो, मोटारीची पत्र्याची पेटी दिसते. पेटीचं दार अजून तारेनं बांधलेलं होतं, मी बांधलं होतं तसंच.

बाहेर आले तर आई हातात ताट घेऊन येत होती. हळदकुंकवाचा करंडा, तांदूळ, सुपारी. लेक सासरी निघाली की ओटी भरायची, हे तिच्या हातांना इतकं पाठ झालेलं की डोक्याला न विचारताच हातांनी ताट केलं असावं. ती ओट्यापर्यंत आली. मी पदर पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिला काय झालं ते आठवलं. तिचा चेहरा मिटला. ताट तसंच ओट्यावर ठेवून ती आत गेली, आणि कडी लावल्याचा आवाज आला.

पदर धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग खाली वाकले आणि करंड्यातलं कुंकू माझ्या हातानं माझ्या कपाळाला लावलं. हळदही लावली. बंद दाराला नमस्कार केला आणि पिशवी उचलली.

तांदूळ मात्र ताटातच राहिले. ओटी आपली आपल्याला भरता येत नाही.